घामातलं क्लोराइड मोजताना

सिस्टिक फायब्रोसिस या जनुकीय आजारात सीएफटीआर ही पेशींमधली क्लोराइडची वाहिनी बिघडते. फुप्फुसातला कफ चिकट होतो, घाम मात्र खारट येतो. आजाराचं निदान मुख्यतः या खारटपणावर, म्हणजे घामातलं क्लोराइड मोजून होतं.

बाळ 2 किलोच्या वर हवं. अंगावर सूज असेल किंवा शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर चाचणी पुढे ढकला. हाताची आतली बाजू पुसून कोरडी करा, इसबाची जागा टाळा. पिलोकार्पिन हे घाम आणणारं औषध विजेच्या सौम्य प्रवाहाने त्वचेत ढकलायचं असतं; त्याची जेल-चकती धन इलेक्ट्रोडखालीच बसवा. औषधाचे आयन धनभारित असतात. उलटं लावलंत तर ते त्वचेत शिरतच नाहीत. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच हातावर लावा, म्हणजे प्रवाह छातीतून जात नाही. 1.5 मिलिअँपिअर, 5 मिनिटं. चकती सुकलेली असेल तर कातडी भाजते.

मग जागा स्वच्छ पुसून घाम गोळा करायची गुंडाळीनळी घट्ट बांधा. 30 मिनिटांत किमान 15 मायक्रोलिटर घाम हवा. कमी पडला की दोन हातांचा घाम एकत्र करायचा मोह होतो. अजिबात करू नका. नमुना उघडा राहिला तर पाणी उडून आकडा फुगतो.

क्लोराइड 60 मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आलं तर आजाराकडे बोट. 30 ते 59 आलं तर चाचणी पुन्हा करा आणि जनुक तपासा.