वस्तीतल्या मुलांसोबत गाणं कसं रचावं

शनिवारी संध्याकाळी समाजमंदिरात पंधरा पोरं जमली, तुम्ही फळ्यावर 'माझ्या भावना' असं लिहिलं आणि वह्या वाटल्या. अर्ध्या तासाने त्या वह्यांत काय सापडतं ते सांगतो. सात जणांनी 'आई' या विषयावर निबंध लिहिलेला असतो, चौघांनी सिनेमातल्या गाण्याच्या ओळी उतरवलेल्या असतात, दोघांनी कोपऱ्यात बाण घुसलेला बदाम काढलेला असतो आणि दोघं पाणी प्यायला म्हणून गेलेले असतात, ते परत आलेले नसतात. माझा पहिला शनिवार असाच गेला.

त्यानंतर काही वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींबरोबर गाणी रचली. त्यात चुकतमाकत जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो. संगीत शिकलेला माणूसच हवा, असं काही नाही. मला स्वतःला ढोलकीवर केरव्याचा साधा ठेका सोडला तर काही वाजवता येत नाही.

आधी नळाची वेळ विचारा

जागा मिळते. समाजमंदिर, बालवाडीची खोली, अभ्यासिका, मंडळाचं कार्यालय, यातलं कुठलं तरी दार आठवड्यातून दोन तास उघडतं. घोळ होतो तो वेळेचा. आम्ही पाचची वेळ ठेवली आणि महिनाभर एकही मुलगी आली नाही. घरचे पाठवत नसतील, असं आम्हीच ठरवून मोकळे झालो. शेवटी बालवाडीच्या ताईंनी सांगितलं, "अहो, पाचला नळ येतो." वेळ साडेसहा केली आणि पुढच्याच शनिवारी सहा जणी हजर.

मोठी माणसं दोन हवीत, त्यातली एक बाई. मुलं पंधराच्या वर घेऊ नका, नाहीतर शेवटच्याचा नंबर येईपर्यंत पहिला घरी जातो. दारावर 'भरकटलेल्या मुलांसाठी' अशा अर्थाची कसलीही पाटी लावू नका. 'शनिवारची गाणी' एवढं पुरे.

सामान म्हणाल तर शंभर पानी वह्या, पेन्सिली, रेकॉर्डिंगसाठी एक मोबाइल आणि एक तालवाद्य. ढोलकी किंवा हलगी वस्तीत कुणाच्या तरी घरी असतेच. पावसाळ्यात हलगीचं कातडं सैल पडतं आणि ती शेकत बसावं लागतं. प्लास्टिकची बादली उलटी ठेवली की बाराही महिने वाजते.

पहिले दोन शनिवार वही उघडायची नाही

गोल बसा. मांडीवर थाप आणि टाळी, अशा आठ मात्रा सावकाश मोजा. मग एकेकाने आपलं नाव त्या आठ मात्रांत बसवून म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते तसंच परत म्हणायचं. कुणी नाव ताणतं, कुणी दोनदा म्हणतं, कुणी मध्ये शिट्टी घालतं. एक सांभाळा, आडनाव घ्यायला लावू नका. आडनावावरून लोक काय ओळखतात हे वस्तीतल्या मुलांना फार लवकर कळलेलं असतं.

दुसऱ्या शनिवारी फक्त आवाज गोळा करा. 'तुला कसं वाटतं?' या प्रश्नाला जगभरातल्या पोरांचं एकच उत्तर असतं: बरं वाटतं. त्याऐवजी विचारा, 'काल झोप लागायच्या आधी शेवटचा आवाज कुठला ऐकलास?' आमच्याकडे आलेली उत्तरं अशी होती: शिलाई मशीन, लांबून जाणारी मालगाडी, शेजारच्या टीव्हीवरची मालिका, पत्र्यावरून पळणारी घूस, बाबांच्या चपला. चपला म्हणणाऱ्या मुलाने पुढे सांगितलं की चपलांच्या आवाजावरून आज बाबा कसे आलेत ते त्याला कळतं. भावनांवर निबंध मागितला असता तर हे कधीच आलं नसतं.

साचा द्या, विषय देऊ नका

'काहीही लिहा' म्हटलं की कुणी काहीच लिहीत नाही. मोजून अक्षरं दिली की मुलं त्या मोजणीत गुंतून जातात आणि जे सांगायचं ते आपसूक सांगून बसतात.

माझा आवडता साचा अभंगाचा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजता येतं, त्यामुळे शाळेत मागे पडलेली मुलंही इथे मागे पडत नाहीत. वस्तीच्या वरच्या अंगाला पाणी पहाटे येतं. तिथला पाण्याचा विषय घेऊन आम्ही फळ्यावर नमुना म्हणून असं जुळवलं होतं:

पाणी येतं रोज
पहाटे चारला
रिकामा दाराला
हंडा जागा

मोजून बघा, सहा-सहा-सहा-चार. हा नमुना दाखवला आणि लगेच पुसला, कारण फळ्यावर राहिला की पंधरा वह्यांत पंधरा हंडे येतात.

मुलींसाठी जात्यावरच्या ओवीचा साचा फार चालतो, आणि तो घरातच असतो. आजीकडून एक ओवी घेऊन या, एवढाच गृहपाठ द्या. आजीला आठवत नसेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून उभा केलेला ओव्यांचा संग्रह आहे. त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकायला मिळतात. त्या बायकांनी सासर, भाऊ, पाऊस, मारहाण, बाबासाहेब, सगळं दळता दळता गायलं. एक मुलगी ऐकून म्हणाली, "म्हणजे ह्या आज्या पण रॅपच करत होत्या." मी तिला दुरुस्त केलं नाही.

मुलगे रॅपच मागणार, त्याला नाक मुरडू नका. आठ मात्रांचा ठेका, ओळीच्या शेवटी यमक, 'मी' म्हणून सांगितलेली हकिगत आणि दोन कडव्यांमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायचं पालुपद. पोवाडा ऐकलेल्या माणसाला यात परकं काय आहे? वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या बरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कामगारवस्त्या, गिरणीतली माणसं, गावाकडे राहिलेली बायको हे सगळं त्यांच्या शाहिरीत आलं. चिरागनगर आमच्या मुलांना ठाऊक असलेला पत्ता आहे. तिथल्या खोलीत बसून कुणी इतकं लिहिलं, हे कळल्यावर त्यांच्या पाठी जरा ताठ झाल्याचं मी पाहिलंय.

सामूहिक गाणं करायचं असेल तर प्रत्येकाची एकेक ओळ कागदाच्या पट्टीवर घ्या, नाव न लिहिता. पट्ट्या जमिनीवर पसरा आणि मुलांनाच क्रम लावू द्या. कुठली ओळ परत परत म्हणावीशी वाटते ते गुणगुणताना आपोआप ठरतं. तेच पालुपद. पंखा मात्र बंद ठेवा.

दुरुस्तीचा हात आखडा

हे मला सगळ्यात उशिरा समजलं. एका मुलाने लिहिलं होतं, 'पाऊस पत्र्याला मारतो'. मी आपल्या सवयीने 'पत्र्यावर पडतो' असं करून दिलं. त्याने मान डोलावली. पण पुढच्या शनिवारी सगळं कडवं गायला आणि त्या ओळीला गप्प बसला. कारण विचारलं तर हळूच म्हणाला, "दादा, पडत नाय तो. मारतो."

पत्र्याखाली तो झोपतो, मी नाही.

तेव्हापासून शब्दांना हात लावत नाही. 'आनि-पानि' तसंच राहतं. वऱ्हाडी, मराठवाडी, हिंदीत कालवलेली मराठी, घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलीच्या ओळीत मध्येच येणारा तेलुगू शब्द, हे सगळं राहतं. मी दोनच प्रश्न विचारतो: 'श्वास कुठे घेणार?' आणि 'गाताना जीभ कुठे अडखळते?' या दोन प्रश्नांवर मुलं स्वतः इतकं खोडतात की आपण खोडलं असतं त्याच्या दुप्पट. यमक बसत नसेल तर पाच शब्द सुचवायला हरकत नाही, पण पाचच्या पाच नाकारायची मुभा द्या.

शिव्यांचं काय, हे प्रत्येक पालक विचारतो. आमच्या मुलांनी एकदा तासभर भांडून नियम केला: स्वतःच्या आजीसमोर म्हणता येईल तेच गायचं, आणि कुणाची आई-बहीण, जात, रंग, जाडी यांवर ओळ नको. मी केलेला नियम त्यांनी आठवड्यात मोडला असता.

एखादी ओळ वेगळीच निघाली तर

हा भाग सुरू करण्याआधीच ठरवून ठेवा, वेळ आल्यावर सुचत नाही. मुलं गाण्यात असं काही लिहून जातात जे कुणाला सांगितलेलं नसतं. मार, भूक, घरातलं व्यसन, जगायचा कंटाळा, अंगाला झालेला नको तो स्पर्श.

अशी ओळ आली की सगळ्यांसमोर त्यावर प्रश्न विचारू नका. ओळ फळ्यावर घेऊ नका, 'किती छान लिहिलंस' असंही म्हणू नका. तास संपल्यावर, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, ओट्यावर वगैरे बसा आणि म्हणा, 'तुझी ती ओळ माझ्या डोक्यात राहिली.' मग गप्प राहा. उलटतपासणी घेऊ नका, तेच तेच परत सांगायला लावू नका. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येक प्रौढावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला सरळ सांगा: 'हे मला एकट्याला सांभाळता येणार नाही, पण तुला सांगितल्याशिवाय कुणाकडे जाणार नाही.' मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही चोवीस तास चालतात. दोन्ही आकडे वहीच्या आतल्या पानावर पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून लिहून घ्या, म्हणजे नंतर एकालाच वेगळं काढून द्यावे लागत नाहीत.

आपण समुपदेशक नाही, हे स्वतःलाही बजावत राहायचं. एका चांगल्या समुपदेशकाचा नंबर आधीच मिळवून ठेवा.

न गाणाऱ्यांसाठी

तीन-चार जण गाणार नाहीतच. त्यांच्यावर जबरदस्ती नको. कुणी ठेका धरतं, कुणी गाण्यातला प्रसंग पथनाट्यासारखा उभा करतं. चित्र काढणाऱ्यांना जुनं पुठ्ठं, गेरू आणि तांदळाचं पीठ द्या. त्रिकोणांची माणसं काढायला जमली की गाण्यातली गल्ली वारली पद्धतीने भिंतीएवढी होते. आमच्याकडे एक मुलगा आठ महिने फक्त चटया घालायचा आणि उचलायचा. हजेरी मात्र एकदाही चुकली नाही.

रेकॉर्डिंग आणि स्टेज

स्टुडिओच्या नादी लागू नका. गाद्या, गोधड्या असलेली एखादी लहान खोली मिळवा, दाराला जाड चादर लावा, मोबाइल विमान मोडवर टाकून तोंडापासून दीड वीत लांब, जरा बाजूला धरा. नेटवर 'फ्री' म्हणून मिळणाऱ्या बीट, म्हणजे रॅपसाठीचे तयार ठेके, फुकट ऐकायला असतात, कुठेही वापरायला असतातच असं नाही. स्वतःची हलगी किंवा बादली वाजवून ठेका करा, कुणी हक्क सांगायला येत नाही.

गाण्यावर हक्क रचणाऱ्याचा. सामूहिक असेल तर सगळ्यांचा. वही मुलाच्या घरी राहील, संस्थेच्या कपाटात नाही. व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची सही घ्या आणि त्याहून आधी मुलाला विचारा. आज हो म्हणालेली मुलगी चार महिन्यांनी नको म्हणाली तर काढून टाका, कारण विचारू नका. घरच्या त्रासाचं गाणं असेल तर ते नेटवर टाकूच नका, मग ते कितीही चांगलं झालेलं असो.

कार्यक्रमाला निमित्तं भरपूर असतात: १४ एप्रिल, १ ऑगस्टची अण्णा भाऊंची जयंती, गणपतीतली एखादी संध्याकाळ. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि सत्कार तर साडेआठला सुरू होऊन संपतच नाहीत. म्हणून मुलांचा नंबर पहिला लावून घ्या. एका वर्षी आमच्या मुलांनी शाली-नारळांचा ढीग संपायची वाट पाहिली आणि दहाला पाच मिनिटं असताना त्यांना माइक मिळाला. एक कडवं झालं आणि माइक बंद. आता मी आयोजकांना आधीच सांगतो, मुलं सातला गाणार, नाहीतर येणार नाहीत. पाहुण्यांचं नाव गाण्यात घालण्याची मागणी हसून टाळा.

दोन-तीन वर्षांत पहिली मुलं अठरा पूर्ण करतात. त्यांना निरोप देऊ नका, चावी द्या. आमच्याकडे आता चावी त्या पहिल्या सहा जणींपैकी एकीकडे असते. तिने आल्या आल्या वेळ बदलून सात केली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "दादा, नळ आता सहाला येतो."