मोटरबोटींच्या पाण्यात पोहताना आणि वॉटर स्कीइंग करताना

तारकर्ली-देवबागपासून कळंगुट-बागापर्यंतच्या किनाऱ्यांवर हंगामात पोहणारे पर्यटक, जेट स्की, बनाना बोटी आणि प्रवासी मोटरबोटी एकाच पाण्यात वावरतात. अशा पाण्यात उतरताना बोट चालवणाऱ्याला आपण दिसत नाही, असेच गृहीत धरावे. पोहणाऱ्याचे केवळ डोके पाण्यावर असते आणि दोन लाटांच्या मधल्या खळग्यात तेही दिसेनासे होते; दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड असलेल्या चालकाच्या डोळ्यांवर पाण्याची चमक येते, आणि वेग घेताना नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली गेल्यामुळे बोटीच्या अगदी पुढचे पाणी त्याच्या नजरेआड जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाची बोट सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते, म्हणजे ३० मीटरवरून आपल्यापर्यंत यायला तिला तीन सेकंदही लागत नाहीत.

कानांवरही विसंबू नये. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे डोके पाण्याखाली असताना इंजिन ऐकू आले तरी ते कोणत्या बाजूने येत आहे हे कळत नाही. म्हणून दर काही हातांनंतर मान वर काढून चहूकडे पाहावे, भडक नारिंगी किंवा पोपटी टोपी घालावी आणि शक्य असल्यास कमरेला बांधून मागे ओढता येणारा रंगीत फुगा वापरावा. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेल्या पट्ट्यातच, किनाऱ्याला समांतर पोहावे. बोटी जिथून सुटतात आणि जिथे लागतात तो भाग ओलांडू नये, आणि सूर्यास्तापूर्वीच पाण्याबाहेर यावे.

सर्वांत भीषण इजा बोटीच्या इंजिनाला पाण्याखाली असलेल्या पंख्याने होते. मिनिटाला ३,२०० फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या पंख्याचे एका सेकंदात १६० घाव बसू शकतात. इंजिन न्यूट्रलमध्ये आहे, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण नकळत धक्का लागूनही गिअर पडू शकतो. इंजिन पूर्ण बंद झाल्याची खात्री झाल्यावरच शिडीला हात लावावा. चालू इंजिनाच्या बोटीमागे लटकणेही घातकच आहे, कारण तिथे साचणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग किंवा वास नसतो. डोके दुखू लागले किंवा गरगरले तर लगेच मोकळ्या हवेत यावे. बनाना राइडच्या शेवटी प्रवाशांना मुद्दाम पाण्यात पाडण्याची प्रथा मला मुळीच मान्य नाही, कारण तेव्हा आजूबाजूला इतर बोटी धावत असतात. बसण्यापूर्वीच तसे न करण्याविषयी चालकाला स्पष्ट सांगावे आणि तो ऐकत नसेल तर बसू नये.

वॉटर स्कीइंगसाठी, म्हणजे पायांत स्की नावाच्या लांब फळ्या घालून बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जाण्यासाठी, बोटीवर चालकाशिवाय आणखी एक माणूस हवाच, कारण पुढे पाहणे आणि मागे स्कीअरवर लक्ष ठेवणे ही दोन्ही कामे एकट्याला जमत नाहीत. इंजिन बंद करणाऱ्या दोरीचे एक टोक चालकाच्या अंगाला बांधलेले असावे, म्हणजे तो पाण्यात फेकला गेला तर बोट आपोआप थांबते. स्कीअरने अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट घालावे. त्यासाठी हवा भरून फुगणारे जॅकेट चालत नाही. ओढणारी दोरी हाताला गुंडाळू नये. खुणा किनाऱ्यावरच ठरवून घ्याव्यात: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. पडल्यावर स्कीअरने दोन्ही हात डोक्यावर जोडून आपण ठीक असल्याचे कळवावे आणि इतर बोटींना दिसावे यासाठी स्कीचे टोक पाण्याबाहेर उभे धरावे. चालकाने त्याला आपल्या बाजूला, सतत नजरेसमोर ठेवून अगदी हळू जवळ यावे व इंजिन बंद करावे. त्याच्याकडे बोट कधीही उलटी नेऊ नये.

पंखा लागल्यास जखमीला बाहेर काढून स्वच्छ कापड जखमेवर जोराने दाबून धरावे. हातापायातून वाहणारे रक्त तेवढ्याने थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या बाजूला, सांधा सोडून, रुंद पट्टी आवळून बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर आणि समुद्रात असाल तर तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर संपर्क साधावा.