केमो चालू असलेल्या लेकराचा कांजिण्यांशी संपर्क आला तर काय करावं

'देवी आल्यात, औषध द्यायचं नसतं' असं सांगणारं माणूस मराठवाड्यात गल्लोगल्ली भेटतं. केमो (कॅन्सरवरची औषधं) चालू असलेल्या लेकराच्या बाबतीत त्याचं अजिबात ऐकू नका. कांजिण्यांचा विषाणू अशा लेकरांच्या फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत पसरून जीव घेऊ शकतो.

१. फाइल आणि वॉर्डाचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर हाताशी ठेवा. भावंडांना कांजिण्यांची लस द्या. केमो चालू असलेल्या लेकराला मात्र ही लस देऊ नका, ती जिवंत विषाणूची असते.

२. संपर्काची वेळ काढा. सगळी गफलत इथंच होते. लोक फोड दिसले त्या दिवसापासून मोजतात, पण फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरत असतो. शेजारच्या पोराला आज फोड आले आणि आपलं लेकरू काल त्याच्या घरी पंधरा-वीस मिनिटं खेळलं असेल, तर घड्याळ कालपासून चालू झालं. लग्नात, अंगणवाडीत, एसटीत शेजारी बसणंही यात आलं. लगेच फोन करा, सोमवारची वाट बघू नका. शेवटची केमो कधी झाली, पांढऱ्या पेशी किती, वजन किती, आधी कांजिण्या किंवा लस झाली होती का, एवढं सांगा. कांजिण्यांविरुद्धच्या इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन संपर्कापासून 96 तासांत मिळालेलं उत्तम, दहा दिवसांपर्यंत देता येतं. ते सगळीकडे मिळत नाही, शोधण्यातही वेळ जातो. न मिळाल्यास डॉक्टर बहुधा संपर्कानंतर सातव्या दिवसापासून आठवडाभर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात. 'फोड आले तर बघू' हा सल्ला सगळ्यांत घातक.

३. संपर्कानंतर 21 दिवस, इंजेक्शन दिलं असल्यास 28 दिवस, रोज अंग तपासा. या काळात दवाखान्यात जाण्याआधी फोन करून वेगळं बसवायला सांगा, ओपीडीतली बाकीची लेकरंही तितकीच नाजूक असतात.

४. एक जरी फोड दिसला तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघा. असायक्लोव्हिर शिरेतून दर आठ तासांनी द्यावं लागतं. त्याचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून लघवी नीट होते का याकडे लक्ष ठेवा. कधी फोडांआधी पोट किंवा पाठ जोरात दुखते, तेही कळवा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. पॅरासिटामॉलसुद्धा ताप मोजून, विचारूनच द्या. स्टेरॉइड मनानं थांबवू नका. कडुलिंबाच्या पाल्यानं विषाणू मरत नाही.

५. नागीण, म्हणजे याच विषाणूचा दुसरा आजार: अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा, बऱ्याचदा आधी आग किंवा ठणका. 'दोन्ही टोकं मिळाली की माणूस दगावतो' हे खोटं. खरा धोका फोड अंगभर पसरण्याचा आहे, म्हणून काव लावत, मंत्र घालत बसू नका. आजोबांना नागीण झाली असेल तर फोड झाकून ठेवा आणि खपली धरेपर्यंत लेकराला दूर ठेवा. नागिणीच्या फोडांतूनही कांजिण्या होतात.