वजन उतरवायची गोळी-पावडर घ्यायच्या आधी डबा उलटा करून काय काय बघायचं

वजन कमी करायला सप्लिमेंट घेऊ का, हा प्रश्न आमच्या मेडिकलच्या काउंटरवर कायम येतो, लग्नसराईच्या तोंडावर तर जरा जास्तच. बहुतेकांच्या मोबाईलमध्ये डब्याचा फोटो असतो, कुणीतरी ग्रुपवर टाकलेला, आणि विचारायचं एवढंच असतं की हे मिळेल का आणि साईड इफेक्ट नाही ना काही. माझं उत्तर सरळ आहे. नुसत्या सप्लिमेंटनं वजन उतरत नाही, ज्यांच्यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेत त्यांच्यातही फरक सहसा किलो-दीड किलोच्या आसपासच राहतो, आणि जी गोळी महिन्यात आठ-दहा किलो उतरवते असं सांगतात तिच्यापासून तर चार हात लांबच राहा, ते का ते खाली सांगते. पण तरी घ्यायचंच ठरवलं असेल तर निदान बघून घ्या, म्हणून हे सगळं लिहितेय.

पहिलं काम म्हणजे शिवणकामाची टेप घ्या आणि बेंबीच्या लेव्हलला पोट मोजा, श्वास आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या पुढे गेलं की लक्ष द्यायची वेळ आली असं धरतात, आणि बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ ही परदेशातली रेघ आपल्याला लागू नाही कारण आपल्या लोकांत कमी वजनालाच शुगर-बीपी सुरू होतं. वजन अचानक वाढलं असेल, पाळी पुढेमागे होत असेल, सतत थकवा असेल, किंवा एखादं नवीन औषध सुरू झाल्यापासून वाढलं असेल (स्टेरॉइडनं वाढतं, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी वाढतं) तर आधी डॉक्टर आणि थायरॉइडची टेस्ट, डबा नंतर. थायरॉइड कमी आहे आणि माणूस चार-चार महिने फॅट बर्नर खातोय असं होतं हो, आणि वाईट वाटतं ते बघून.

आता डबा हातात घ्या आणि पुढची बाजू वाचूच नका, उलटा करा. मागे एफएसएसएआयचा (म्हणजे आपल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्याच फॉस्कॉस नावाच्या लायसन्सच्या साईटवर टाकला की कंपनीचं नाव-पत्ता दिसतो, नाव जुळत नसेल तर विषय तिथेच संपला. पण नंबर खरा निघाला म्हणजे गोळीनं वजन कमी होतं हे कुणी तपासलंय असा अर्थ होत नाही, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. सप्लिमेंट अन्नाच्या कायद्यात येतं, औषधाच्या नाही. औषधाला बाजारात यायच्या आधी ते काम करतं हे दाखवावं लागतं, सप्लिमेंटला तसं सहसा लागत नाही. म्हणून तर २०१६ च्या नियमांप्रमाणे डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापलेली असते, बारीक अक्षरात, शोधलीत की सापडेल. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या गोळ्यांचं लायसन्स वेगळं असतं, त्यावर एफएसएसएआयऐवजी औषध बनवण्याच्या परवान्याचा नंबर हवा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर तो डबा कुणाच्या ओळखीतून आला असला तरी घरात ठेवू नका.

मग घटकांची यादी. 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम' असं लिहून खाली आठ वनस्पतींची नावं आणि कुणाचंच प्रमाण नाही, असं दिसलं की परत ठेवा. काय किती खातोय तेच कळणार नसेल तर उद्या त्रास झाल्यावर डॉक्टरला तरी काय सांगणार?

नावं बघू. गार्सिनिया कंबोजिया बहुतेक डब्यांत असतंच, हा आपल्या कोकमाचाच भाऊबंद, केरळात माशाच्या आमटीत घालतात तो. त्यातलं हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड चरबी बनू देत नाही असं सांगतात, आणि प्रयोगशाळेत तसं काही दिसलंही होतं, पण १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ लोकांवर १२ आठवडे चाचणी झाली, सगळ्यांना कमी कॅलरीचा, जास्त फायबरचा आहार दिला, अर्ध्यांना गार्सिनिया आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. गार्सिनियावाल्यांचं साधारण ३.२ किलो उतरलं आणि रिकाम्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो. म्हणजे वजन उतरलं दोघांचंही, पण ते आहारानं. मला वाटतं सप्लिमेंटबद्दल एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं, कारण डब्याबरोबर जो डाएटचा कागद येतो ना, खरं काम तो कागद करतो आणि नाव डब्याचं होतं. वर गार्सिनियाच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. घरचं आमसुलाचं सार खुशाल प्या, त्याचा आणि या गोळ्यांचा डोस एक नाही.

ग्रीन टीचंही तसंच. कपभर चहा वेगळा आणि त्याचा अर्क कॅप्सूलमध्ये दाबून भरलेला वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय की त्यातलं ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य रसायन) सप्लिमेंटमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण, तेव्हा लेबलवर ईजीसीजी किती ते बघा, लिहिलेलंच नसेल तर नको. एल-कार्निटिननं सरासरी किलोभर फरक दिसतो, किंमत बघता मला तरी परवडणारा सौदा वाटत नाही. ॲपल सायडर व्हिनेगरचा जो मोठा गाजावाजा झाला तो २०२४ मधल्या लेबनॉनच्या एका अभ्यासावरून, आणि तो अभ्यास आकडेवारीच्या शंकांमुळे २०२५ मध्ये मागे घेतला गेला, ही बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. बर्बेरिनला हल्ली नैसर्गिक ओझेम्पिक (शुगरचं इंजेक्शन, ज्यानं वजनही उतरतं) म्हणून विकतात, ते दारुहळदीतून निघतं, त्याची आणि त्या इंजेक्शनची ताकद एक नाही, शिवाय शुगरच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर शुगर खाली जाऊ शकते आणि गरोदरपणात तर अजिबात नको.

स्लिमिंग टी किंवा डिटॉक्स चहाच्या पाकिटावर 'सेन्ना' दिसलं की समजायचं ही आपली सोनामुखी, म्हणजे जुलाबाचं औषध. सकाळी काटा अर्धा-एक किलो खाली दाखवतो तो पाण्याचा आणि पोटातल्या मळाचा, चरबीचा नाही. रोज घेत राहिलात तर पोटॅशियम कमी होतं, पायात गोळे येतात आणि मग चहाशिवाय पोटच साफ होत नाही अशी सवय लागते.

थोडी बाजू घेण्यासारखं काही असेल तर फायबर. कंदातून निघणाऱ्या ग्लुकोमॅनन नावाच्या फायबरला युरोपात वजनासाठी मान्यता आहे, पण अटी बघा, दिवसाला ३ ग्रॅम, तीन वेळा एकेक ग्रॅम जेवणाआधी, प्रत्येक वेळी एक-दोन ग्लास पाण्याबरोबर, आणि आहार कमी कॅलरीचा हवा. आपल्याकडे इसबगोल स्वस्तात मिळतं, त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, वजन उतरवायचं औषध म्हणून नको पण मदत म्हणून चालेल. घरी एकदा करून बघा, अर्ध्या ग्लास पाण्यात चमचाभर इसबगोल टाकून पाच-दहा मिनिटं ठेवा, जेलीसारखं घट्ट होतं ते. हेच कमी पाण्यात गिळलं तर घशात फुगतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि गिळायला त्रास असणाऱ्यांना देऊ नका. आणि थायरॉइडची गोळी घेत असाल तर इसबगोल, कॅल्शियम, लोह यांत आणि त्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

प्रोटीन पावडरनं चरबी जळत नाही, ते जेवणच आहे, एका स्कूपला साधारण १२० कॅलरी. जेवण कमी करताना प्रोटीन कमी पडू नये एवढाच तिचा उपयोग, आणि तेच काम दोन अंडी, वाटीभर मटकीची उसळ, मूठभर फुटाणे, १०० ग्रॅम पनीर यांनी होतं. डब्याचे दोन-अडीच हजार याच्यावर घाला असं मी गिऱ्हाइकाला सांगते, दुकानदार असूनही.

आता ती आठ-दहा किलोवाली गोळी. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं, त्यानं हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते अमेरिका-युरोपातून काढलं आणि भारतातही बंद झालं. पण जगभर 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ते अजून चोरून घातलेलं सापडतं, लेबलवर अर्थातच नसतं. गोळी सुरू केल्यावर भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडतंय, झोप उडाली, छाती धडधडतेय, तर गोळी लागू पडली असं समजून खूश होऊ नका, बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरकडे जा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी जा, ते लिव्हरचं लक्षण असू शकतं. आणि हो, 'लठ्ठपणावर रामबाण औषध' अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्यानं चालतच नाही, ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे, तेव्हा जाहिरातच तशी असेल तर विकणाऱ्याबद्दल काय ते कळलंच.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, शाळा-कॉलेजातली पोरं, बीपी-शुगर किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले, लिव्हर-किडनीचा त्रास असलेले, यांनी डॉक्टरला दाखवल्याशिवाय काहीच घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना हे सगळं नावानिशी सांगा, 'साधं हर्बल आहे' म्हणून सोडून देऊ नका.

एवढं बघूनही घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच घ्या, तीन एकदम नको. सुरू केल्याची तारीख, वजन आणि पोटाचं माप कॅलेंडरवर लिहा, वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. त्याआधी एक महिना नुसतं जेवण सुधारून बघा, चहातली साखर, फरसाण, भाजीतलं तेल आणि रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालणं, आणि तेही लिहून ठेवा. गोळीच्या महिन्यात या महिन्यापेक्षा जास्त काही उतरलं नाही तर दुसरा डबा आणू नका. बिल आणि रिकामा डबा सांभाळून ठेवा, बॅच नंबर त्याच्यावर असतो, आणि तक्रार करायची वेळ आली तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर फोटोसकट टाकता येते.