डायनोवर पिकअप चढवण्याआधी

डायनो म्हणजे रोलरवर गाडी पळवून चाकांवरची ताकद मोजणारं यंत्र, आणि त्याचं बिल तासावर लागतं. त्यातला अर्धा वेळ गळकी होज शोधण्यात गेला, तर ट्यूनिंगला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमध्ये नवी फाइल चढवून ती जुळवायला, उरतं काय? म्हणून बरंचसं काम आधीच्या महिनाभरात, आपल्या गराजमध्येच उरकायला हवं. पुढचं सगळं मी फोर्ड एफ-१५० समोर ठेवून लिहितो आहे: ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो इकोबूस्ट, २०११ ते २०२०मधलं. टेक्सासमधल्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांत बोट किंवा कॅम्पर ओढायला हीच गाडी जास्त दिसते.

सगळ्यात आधी कान लावा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बॉनेट उघडून चालू करा आणि पहिले काही सेकंद नीट ऐका. सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेन सैल पडते, २०१७नंतरच्यांत कॅम फेझर (व्हॉल्व्हची वेळ बदलणारे भाग) खडखडतात. असा आवाज आला तर डायनोची तारीख पुढे ढकला आणि आधी दुरुस्ती करा. अशा इंजिनावर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवणं मला तरी मान्य नाही.

मग प्लग. थोडे झिजलेले प्लग रोजच्या चालवण्यात कळत नाहीत, पण बूस्ट वाढला की ठिणगी तुटते आणि मिसफायर होतो. नवे घाला. प्लगच्या टोकांमधली गॅप ट्यूनरला विचारून ठेवा, बहुधा तो कंपनीपेक्षा थोडा कमी सांगेल. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होज आणि क्लॅम्प हाताने तपासा, शंका वाटली तर स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. सुरुवातीच्या मॉडेलांत दमट हवेत इंटरकूलरमध्ये पाणी साचून जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळायची. ह्यूस्टनच्या हवेत राहणाऱ्यांनी हे विसरू नये. ऑइल, एअर फिल्टर, कूलंट, गिअरबॉक्सचं ऑइल हे नेहमीचंच. चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर कोड नुसता पुसून जाऊ नका, कारण शोधा.

इंधनाकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. गाडी ८७ ऑक्टेनवर चालते, पण ट्यून बहुधा ९१ किंवा ९३साठी लिहिलेला असतो. फोर्डचा कंप्युटर नॉकचा (पेट्रोल अवेळी पेटण्याचा) अंदाज घेत टाकीतल्या पेट्रोलचा दर्जा शिकत जातो आणि त्याप्रमाणे इग्निशन टायमिंग मागेपुढे करतो. आयुष्यभर ८७ प्यायलेली गाडी आदल्या संध्याकाळी ९३ भरून नेली, तर कंप्युटरची जुनी समजूत अजून कायम असते. म्हणून नंतर जे रोज भरणार आहात तेच पेट्रोल दोन-तीन टाक्या आधीपासून भरा. कॅलिफोर्नियात पंपावर साधारण ९१च मिळतं, तिथल्यांनी ९३ची फाइल मागूच नये.

ट्यूनरला खरं सांगा. ट्रेलरचं वजन किती, चढ किती, ऑगस्टच्या १०० फॅरनहाइटमध्ये ओढता का, हे लिहूनच न्या. ओझं ओढणाऱ्याला खालच्या आरपीएमवर भरवशाचा टॉर्क, आवरलेलं टायमिंग आणि शहाणे गिअर शिफ्ट हवेत. कागदावरचा सर्वांत मोठा आकडा मागितलात तर तो मिळेल, आणि लांब चढावर एक्झॉस्टचं तापमान त्याची वसुली करेल.

त्या दिवशी गाडीचा मागचा भाग रिकामा, टायरची हवा सारखी, खाचांतले दगड काढलेले. मड टायर असतील तर रस्त्याचे घालून जा. मागच्याच चाकांचा डायनो असेल तर गाडी टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवा. फाइल चढवताना बॅटरीला चार्जर लावलाच पाहिजे, मध्येच व्होल्टेज पडलं तर कंप्युटर निकामी होऊ शकतो. काहीही बदलण्याआधी मूळ फाइलवर दोन-तीन पुल (पूर्ण जोरात पळवून घेतलेल्या मोजण्या) घ्यायला लावा. आधीचे आणि नंतरचे पुल एकाच गिअरमध्ये आणि एकाच करेक्शनवर (हवामानानुसार आकडा जुळवायच्या पद्धतीवर) हवेत, कारण एसएईपेक्षा एसटीडी करेक्शनमध्ये आकडा सुमारे ४ टक्के जास्त दिसतो. कंपनीचे ३६५ किंवा ३७५ हॉर्सपॉवर क्रँकवरचे, म्हणजे इंजिनपाशी मोजलेले, आहेत, चाकांवर ते कमीच भरणार. आलेखात हॉर्सपॉवर आणि पाउंड-फुटातला टॉर्क एकाच मापपट्टीवर काढले असतील, तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमवर छेदल्याच पाहिजेत. नसतील तर तिथेच विचारा.

कायद्याचं काम पुढे ढकलू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं किंवा त्याचे सेन्सर फाइलमध्ये बंद करणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे. तसं करून देतो म्हणणाऱ्या दुकानातून उठून या. कॅलिफोर्नियात जुलै २०२१पासून स्मॉग चाचणीत सॉफ्टवेअरही तपासतात, तेव्हा तिथल्या हवा मंडळाच्या मंजुरीचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असलेला ट्यूनच घ्या. टेक्सासने २०२५पासून खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद केली, पण ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत एमिशन चाचणी आहेच. नवी फाइल चढली की मॉनिटर (कंप्युटरच्या स्वतःच्या तपासण्यांच्या नोंदी) पुसले जातात आणि ते पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते, म्हणून चाचणी आधी उरकून घ्या. वॉरंटीविषयीच्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ ट्यून केला म्हणून सगळी वॉरंटी रद्द होत नाही, पण टर्बो गेला तर ट्यूनशी संबंध दाखवणं डीलरला फारसं अवघड नसतं.

निघताना मूळ फाइलची प्रत आणि पुलचे लॉग (नोंदी) मागून घ्या. ट्रेलर जोडून पहिल्यांदा लांब जाल तेव्हाही लॉग चालू ठेवा आणि तो ट्यूनरला पाठवा. रिकाम्या गाडीत न दिसलेला नॉक त्यात दिसला, तर तो फाइल सुधारून देऊ शकतो.