बाम्बेर्गा बघायचाय? मग या चुका टाळा

लघुग्रह म्हटलं की सगळे त्यातल्या सर्वात तेजस्वी वेस्टाच्या मागे. त्यातून कोणी ३२४ बाम्बेर्गाकडे वळला की चारच दिवसांत मेसेज येतो, "दुर्बिणीत काहीच दिसत नाही हो". दिसतं, पण आधी हे वाचा.

सगळ्यात कॉमन चूक मी स्वतः केलीय. सप्टेंबर २०१३, बाम्बेर्गा ८ व्या प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका उजेड जास्त) तेजस्वी झालेला, असा योग साधारण २२ वर्षांनी येतो आणि तोही आपल्या ऐन पावसाळ्यात. ढगांत दोन तासांची फट मिळाली, रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) लावला, नकाशाशी जुळवला, ठिपका सापडला, वहीत नोंद, मित्रांना फोन, सगळं झालं. दोन रात्रींनी परत बघतो तर गडी जागचा हललेला नाही! साधा तारा होता तो. डायगोनल (नेत्रिकेआधीचा वाकडा आरसा) लावला की चित्र आरशासारखं उलटं होतं, डावीकडचं उजवीकडे, आणि मी नकाशा सरळ धरून बसलेलो. आता मी नकाशा उलटवूनच प्रिंट काढतो आणि आसपासचे पाच-सहा तारे पेन्सिलीने काढून ठेवतो. पुढच्या रात्री जो सरकला तो आपला. ॲपने दाखवला म्हणजे सापडला असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

ग्रहासारखी गोल तबकडी शोधू नका, ठिपकाच दिसणार.

"सव्वादोनशे किलोमीटरचा आहे मग इतका फिका कसा?" अहो कार्बनने काळा आहे, पडलेल्या उजेडातला ६ टक्क्यांच्या आसपासच परत येतो, कोळसाच म्हणा ना. म्हणून तर इतका मोठा असून खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसाला तो व्हिएन्नातून १८९२ साली सापडला, आधीचे ३२३ झाल्यावर.

मागच्या वर्षीचा नकाशा वापरू नका. जागा तर बदलतेच, तेजही बदलतं: कक्षा बरीच लांबट आहे, सूर्यापासून १.८ ते ३.६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), त्यामुळे लांब असताना छोट्या दुर्बिणीतून गायबच.

आणि लाइटकर्व्हवाले (वेळेनुसार तेज कसं बदलतं याचा आलेख काढणारे) उतावीळ लोक! एका रात्रीचे आठ तास मोजायचे आणि उरलेला आलेख मनानेच जोडायचा. याला स्वतःभोवती एक फेरी मारायला २९.४ तास लागतात, म्हणजे रोज त्याच वेळी बसलात तर आलेखावर साडेपाच तासच मागे सरकता. सलग पाच रात्री तरी हव्यात, आणि चढउतार प्रतीच्या दहाव्या हिश्श्याएवढा, त्यामुळे तुलनेचा तारा (ज्याच्याशी तेज ताडून बघतो तो) रोज बदललात तर पाचही रात्री पाण्यात.