वळणावर फोर बाय फोर ओरडते? या चुका टाळा

पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी, ही हौस नसते, गरज असते. शेताकडची लाल मातीची वाट भिजली की साधी गाडी जागेवरच चाकं फिरवत बसते. लिव्हर फोर-एचवर (चारही चाकांना ताकद) टाकली की गाडी चिखलातून निघते. पुढे चोर्ला घाटाचा डांबरी रस्ता लागतो, पण लिव्हर तिथंच राहते. मग एखाद्या घट्ट वळणावर टायर कर्रकन ओरडतात, स्टिअरिंग जड होतं, कुणीतरी ब्रेक धरून ठेवल्यासारखी गाडी अडते. दुसऱ्या दिवशी मालक टायरच्या दुकानात!

लिव्हर न बघता टायरला दोष देणं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. थार, जिप्सी, जिम्नी, बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर या गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल (चाकांचा आस) यांच्यामध्ये डिफरेन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची पेटी, नसतं. फोर-एच लावलं की पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. हिशेब करून बघा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर आहे आणि यू टर्न घेताना मागचा एक्सल ५ मीटरच्या त्रिज्येनं फिरतोय, असं धरा. मागचा एक्सल साधारण १५.७ मीटर जातो, पुढचा १७.५. एका यू टर्नमध्ये पावणेदोन मीटरचा फरक! चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, म्हणून टायर फरफटतात आणि उरलेला ताण शाफ्टमध्ये, गिअरांमध्ये साठत जातो.

असा ताण भरला की लिव्हर टू-एचला (फक्त दोन चाकांना ताकद) येत नाही. इथं दुसरी चूक होते: लोक दोन्ही हातांनी लिव्हर ओढतात. ओढू नका. स्टिअरिंग सरळ करा, गाडी थोडी सरळ मागे घ्या, ताण सुटला की लिव्हर अलगद येते. डॅशबोर्डवरचा फोर बाय फोरचा दिवा विझल्याची खात्री करा आणि मगच निघा. मीटरवर दिवा दिसत असताना 'आता काढलंय की' म्हणून पुढे जाऊ नका.

पाऊस पडला की आवाज बंद होतो आणि उघडीप मिळाली की परत सुरू होतो, यानं फसू नका. ओला रस्ता टायरला घसरू देतो, एवढंच. दोष तिथंच आहे.

डस्टरसारख्या ऑटो मोड असलेल्या गाडीत हा त्रास एरवी होत नाही. पण बटण पुढची-मागची चाकं जोडून ठेवणाऱ्या 'लॉक'वर राहिलं असेल, तर तेही तपासा.

लिव्हर टू-एचला आहे आणि तरीही टायर ओरडतात? मग हवा बघा. चिखलासाठी हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवून नंतर भरायला विसरणारे पुष्कळ. घाट उतरून आल्यावर गरम टायरमध्ये हवा जास्त दाखवते म्हणून काढून टाकणारेही तितकेच. सकाळी गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा भरा. भाजी, ऊस, पोती भरून जाणार असाल, तर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो.

टायर जोडीनं बदलताना होणारी चूक लवकर लक्षात येत नाही. पुढे नवे दोन, मागे झिजलेले दोन. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि जुन्याची ३ असेल, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यामागे जवळजवळ ३१ मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरमागे साडेतेरा मीटर. फोर-एचमध्ये हा ताण सरळ रस्त्यावरही साठतो. म्हणून या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, जवळपास सारखे झिजलेले ठेवा. रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, चुकवू नका. टायरच्या भिंतीवर DOT अक्षरांनंतरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे टायर बनल्याची तारीख सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि कडक रबर वळणावर लवकर ओरडतं.

अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) जाण्याआधी तळहात टायरवर आडवा फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट्या बाजूनं करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकं सरळ पुढे बघण्याचा कोन, बिघडलाय. एवढं सांगितलं तरी मेस्त्रीचं अर्धं काम होतं.

आणि आवाज खरंच टायरचा आहे का, ते ठरवा. मोकळ्या, कोरड्या जागी टू-एचमध्येच, अगदी सावकाश, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून फेरे मारा. टकटक आली तर सीव्ही जॉइंट (वळतानाही चाकाला ताकद देणारा सांधा). गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर बॉनेटखालून चिरका आवाज आला तर बेल्ट. ब्रेकला हलका पाय लावताच आवाज बदलला तर पॅड. एका बाजूला वळताना घूं आवाज वाढला तर बेअरिंग, बहुधा बाहेरच्या बाजूचं. डांबरावर फोर-एच लावून ही परीक्षा मात्र घेऊ नका.

गुळगुळीत फरशीच्या किंवा रंगवलेल्या काँक्रीटच्या पार्किंगमध्ये टायर चिरकतात, ते बहुतेकदा नुसतं फरशीमुळे. चोर्ल्याच्या घाटात टू-एचमध्ये, बरोबर हवेवर, चांगल्या टायरांवरही पुढचं बाहेरचं चाक ओरडत असेल, तर त्या वळणाला तुमचा वेग जास्त आहे. उंच, जड गाडी आहे. वळणाच्या आधीच गिअर खाली घ्या.